एमजीबीच्या इंजिनाची ताकद वाढवताना या चुका टाळा

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्ये १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन आहे. सुरुवातीच्या गाड्यांत एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारे भाग), ८.८ कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) आणि साधारण ९५ हॉर्सपॉवर. ही ताकद नक्की वाढते, पण बरेच जण आधी मोठे कार्ब्युरेटर विकत घेतात आणि हेडकडे (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) शेवटी वळतात. क्रम उलटा हवा, कारण या इंजिनाचा श्वास हेडमध्येच अडतो.

रेसिंगचा कॅम

चार सिलिंडरना इनटेक पोर्ट (मिश्रण आत नेणाऱ्या वाटा) दोनच आहेत: १ आणि २ चा मिळून एक, ३ आणि ४ चा मिळून दुसरा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. म्हणजे २ नंबरने ओढून झालं की लगेच १ नंबर त्याच पोर्टमधून ओढतो, आणि काही अंश दोघांचे व्हॉल्व्ह एकदमच उघडे असतात. ३०० अंशांचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; अंश म्हणजे व्हॉल्व्ह किती काळ उघडा राहतो) घातला की हा काळ आणखी लांबतो. दोन्ही सिलिंडर एकमेकांचं मिश्रण पळवतात आणि खालच्या आरपीएमला गाडी अडखळते. रस्त्यावर चालवायच्या गाडीला २७० अंशांच्या आसपासचा कॅम पुरे. त्याआधी व्हॉल्व्ह सीट तीन कोनांत कापून घ्या आणि व्हॉल्व्हमागचा गळा साफ करून घ्या. मूळचा बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड चांगला आहे. तो बदलण्यात पैसे घालवू नका.

हेडवर खर्च करण्यापूर्वी २ आणि ३ नंबरच्या एक्झॉस्ट सीटमधला भाग तडे जाण्यासाठी तपासा. या दोघांचा एक्झॉस्ट पोर्ट सामाईक असल्याने तिथे उष्णता सर्वात जास्त साठते. हेड उघडलंच आहे तर शिसेविरहित पेट्रोलसाठी कडक एक्झॉस्ट सीट बसवून घ्या.

न मोजता केलेलं फेसिंग (हेड घासणं)

बोअर (सिलिंडरचा व्यास) ०.०६० इंच वाढवला की इंजिन १८६८ सीसीचं होतं आणि पिस्टनच्या वरची जागा तेवढीच राहिली तर कॉम्प्रेशन आपोआप ८.८ वरून ९.१ च्या आसपास जातं. त्यावर अंदाजाने हेड घासलं की नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकणं) ठरलेलं. चेंबरचं आकारमान ब्युरेटने (मापाच्या काचनळीने) मोजा, पिस्टनच्या खळग्याचं आणि गॅस्केटच्या जाडीचं त्यात धरा, मगच किती घासायचं ते ठरवा. हेड खाली आलं की रॉकरचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीचा) कोनही बदलतो. रॉकर पेडस्टलखाली (रॉकरच्या आधाराखाली) शिम, म्हणजे पातळ चकत्या, लागतील का ते पाहा. व्हॉल्व्ह पिस्टनला किंवा ब्लॉकच्या कडेला टेकतो का, हे प्लॅस्टिसीन (खेळायची मऊ माती) लावून इंजिन हाताने फिरवून तपासा.

पहिली वीस मिनिटं

नवा कॅम आणि जुने टॅपेट (कॅमवर टेकून चालणारे भाग) ही जोडी कधीही चालत नाही. दोन्ही नवीन घ्या, कॅमच्या उंचवट्यांना असेंब्ली पेस्ट लावा आणि झिंक भरपूर असलेलं २०डब्ल्यू-५० ऑइल भरा. सुरू करण्याआधीच ठिणगीचं टायमिंग बल्ब लावून बसवा आणि कार्ब्युरेटरचं फ्लोट चेंबर पेट्रोलने भरा, म्हणजे स्टार्टर मारत बसावं लागणार नाही. स्टार्टर मारत राहिलं की पेस्ट पुसली जाते. इंजिन पेटलं की लगेच २,००० ते २,५०० आरपीएमवर वीस मिनिटं चालवा, आयडलिंगवर सोडू नका. मंद गतीत कॅमवर ऑइल कमी उडतं, तर उंचवट्याच्या टोकावर स्प्रिंगचा दाब सर्वात जास्त असतो.

चढावर येणारा टणटण आवाज

हा आवाज नॉकिंगचा. मिश्रणात दोष शोधण्याआधी डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) तपासा. त्याच्या आतल्या स्प्रिंग आणि वजनं मूळ कॉम्प्रेशनसाठी ठरवलेली असतात, शिवाय झिजलेली असू शकतात. नुसतं आयडलिंगचं टायमिंग जुळवणं पुरेसं नाही. व्हॅक्यूमची नळी काढून, साधारण ४,००० आरपीएमला टायमिंग लाइटने एकूण ॲडव्हान्स (पिस्टन वर पोचण्याआधी किती अंश ठिणगी पडते ते) मोजा. तो ३२ अंशांच्या आसपास ठेवा आणि आवाज आला तर कमी करा.

गॅस्केटची चूक, जी एसयूच्या माथी मारली जाते

एचएस४ या एसयू कार्ब्युरेटरच्या फिल्टरकडच्या तोंडावर लहान भोकं असतात. कार्ब्युरेटरमधल्या पिस्टनच्या खालच्या बाजूला हवा तिथून मिळते. गॅस्केट उलटं बसलं की ती बुजतात, पिस्टन नीट उचलत नाही आणि वेग वाढताना गाडी गुदमरते. अनेक जण इथेच एसयू काढून वेबर कंपनीचे कार्ब्युरेटर लावतात. आधी गॅस्केट पाहा. मग डॅम्परमधलं (या पिस्टनची हालचाल मंदावणाऱ्या भागातलं) ऑइल त्याच्या पोकळ दांड्याच्या टोकापासून अर्धा इंच वर आहे का ते बघा. जास्त हवा देणारे फिल्टर लावले असतील तर नीडलही (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई) बदलावी लागते. नुसता जेटचा नट फिरवून फक्त आयडलिंग जुळतं.

१९६४ पर्यंतच्या इंजिनांत क्रँकला तीनच मेन बेअरिंग आहेत. ही इंजिनं जोराने फिरवण्यासाठी नाहीत.

५०० मैलांनंतर इंजिन थंड असताना हेडचे नट एकेक करून किंचित सैल करा आणि ४५ ते ५० पौंड-फुटांवर परत आवळा. काही आधुनिक गॅस्केटना हे लागत नाही, त्यामुळे पाकिटावरची सूचना वाचा. रॉकरचे पेडस्टल हेडच्याच काही स्टडवर बसलेले असतात, म्हणून आवळल्यावर व्हॉल्व्हची फट पुन्हा लावा: मूळ कॅमला थंड इंजिनावर ०.०१५ इंच, नव्या कॅमला त्याच्या बनवणाऱ्याने दिलेली.