गणपतीत जुन्या सिनेमा-टीव्हीची क्विझ घ्यायचीय? मग आधी हे वाचा

आरतीनंतर काय ठेवायचं हा प्रश्न दरवर्षी मीटिंगला येतो आणि दरवर्षी संगीत खुर्चीवर जाऊन मिटतो. आमच्या दादरच्या बिल्डिंगमध्ये गेली चार वर्षं मी जुने सिनेमे, दूरदर्शन आणि गाणी यांची क्विझ घेतो, पहिल्या वर्षी सपशेल आपटलो होतो, आता लोक जिन्यात अडवून विचारतात यंदा कुठल्या दिवशी आहे म्हणून.

आपटलो कसा ते आधी सांगतो. कार्डावर लिहिलेलं, 'टीव्ही कधी सुरू झाला? उत्तर १९५९.' पहिल्या रांगेतून तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अरे बाळा, मुंबईत बहात्तर साली आला टीव्ही, अख्खी चाळ एकाच खोलीत घुसायची." झालं, सगळे हसायला लागले. आजींचं बरोबरच होतं, १५ सप्टेंबर १९५९ ही दिल्लीची तारीख, मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि मी प्रश्नात गावच घातलं नव्हतं. तेव्हापासून प्रश्न लिहिताना कुठे आणि नेमकं काय झालं हे दोन्ही लिहितोच.

'पहिला' हा शब्द तर फार जपून वापरा. 'पहिला भारतीय सिनेमा कुठला' असं विचारलंत की कोणीतरी उठणारच, की राजा हरिश्चंद्रच्या आधी, १८ मे १९१२ ला, तोरण्यांचा श्री पुंडलिक लागला होता. मग दुसरा म्हणणार ते नाटकाचं चित्रण होतं, फिल्म धुवायला लंडनला गेलेली, तो धरायचा नाही. वाद रंगतो मस्त पण क्विझ बसते. त्यापेक्षा विचारा, 'राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ ला लोकांसाठी कुठे लागला?' उत्तर गिरगावातलं कॉरोनेशन. यातही गंमत आहे, २१ एप्रिलला ऑलिंपियामध्ये निमंत्रितांसाठी खेळ झालेला, म्हणून 'लोकांसाठी' हा शब्द हवाच. बक्षिसांचंही तसंच, श्यामची आई १९५३ चा सिनेमा आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं १९५४ ला, दोन्ही सालं बरोबर, चूक असेल तर तुमच्या प्रश्नात.

आणि नुसतं साल विचारू नका हो. 'शोले कधी आला' याला पंचाहत्तर म्हटलं की संपलं, पुढे बोलायला काही उरत नाही.

आमच्याकडे सगळ्यात चालतो तो 'एक तारीख दोन गोष्टी' हा राऊंड. एक दोनशेपानी वही घ्यायची, प्रत्येक महिन्याला काही पानं सोडायची आणि वर्षभर पेपरात, रेडिओवर जी तारीख कानावर पडेल ती खात्री करून लिहीत जायची. एकाच तारखेखाली दोन नोंदी पडल्या की प्रश्न आपोआप तयार. ७ जुलै बघा. १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईने पाहिली, आणि ८८ वर्षांनी त्याच तारखेला दूरदर्शनवर काय सुरू झालं? हम लोग. २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन, आणि १९८८ ला त्याच तारखेला महाभारत. १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये आलम आरा लागला आणि १९९८ च्या १४ मार्चला दादा कोंडके गेले. ३१ जुलैला रफीसाहेब गेले, १९८० साली, आणि १९८८ च्या ३१ जुलैला रामायणाचा शेवटचा भाग लागला. पण माझा लाडका प्रश्न वेगळाच, 'मोठ्या भावाचा वाढदिवस आणि धाकट्याचा स्मृतिदिन एकच, दोघंही सिनेमातले, कोण?' १३ ऑक्टोबर. अशोककुमार १९११ चे, किशोरकुमार गेले १९८७ ला. हा विचारला तेव्हा हॉल एकदम गप्प झालेला, मग मागून कोणीतरी हळूच किशोरचं गाणं गुणगुणलं, तेच उत्तर धरलं मी.

ज्युबिलीचा एक प्रश्न ठेवाच. सिल्व्हर ज्युबिली म्हणजे काय विचारलं की पोरं छातीठोक सांगतात पंचवीस वर्षं, आणि समोरचे काका खुर्चीतून उडतात, आठवडे रे, आठवडे! मग मिनर्व्हाला शोले पाच वर्षं चाललेला तो विषय निघतो आणि दहा मिनिटं जातात, जाऊ द्या.

तारीख की तिथी हा घोळ आपल्याकडेच. गीतरामायण पुणे आकाशवाणीवर सुरू झालं १ एप्रिल १९५५ ला, त्या दिवशी रामनवमी होती. पुढच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला एक गाणं, वर्षाचे आठवडे ५२ मग गाणी ५६ कशी? अधिक महिना आला होता! हा प्रश्न घरातल्या पंचांगवाल्यांसाठी.

गाण्याच्या राऊंडला फक्त सुरुवातीचं म्युझिक, आठ-दहा सेकंद, शब्द सुरू व्हायच्या आत पॉज. गाणी आधी डाऊनलोड करून ठेवा. मी एकदा नेटवरून लावायला गेलो आणि भर हॉलमध्ये स्पीकरवर पाइल्सच्या औषधाची जाहिरात, अख्खी.

टीम मजल्याप्रमाणे करू नका, मागची पाण्याची भांडणं तिथे निघतात. चिठ्ठ्या टाका, प्रत्येक टीममध्ये एक साठीच्या पुढचा आणि एक शाळेतला हवाच. फोन सगळ्यांचे मोदकाच्या परातीत, परात सेक्रेटरीच्या मांडीवर. पाऊण तासात आटपा, दहाला स्पीकर बंद करावा लागतो.

बरोबरी झाली तर आकडा विचारायचा, जो जवळ जाईल तो जिंकला. मागच्या वर्षी बक्षीस होतं स्टीलचा मोठा डबा, दोन टीम बरोबरीत, मी विचारलं बी. आर. चोप्रांच्या महाभारताचे भाग किती. एक म्हणाले नव्वद, दुसरे म्हणाले अठ्ठ्याण्णव. उत्तर ९४. शेवटी डबा दुसऱ्या मजल्यावर गेला आणि झाकण चौथ्या.