इंटर्नशिपला जाण्याआधी: अंगावर काय, पायात काय, खिशात काय

डॉक्टरकीची इंटर्नशिप वर्षभराची असते आणि त्या वर्षात कपड्यांवर रक्त, उलटी, बेटाडीन, प्लास्टर यातलं सगळं कधी ना कधी पडतं. म्हणून कपडे घेताना आधी एवढंच बघा, की हे रोज साबण लावून चोळून धुता येतील का. जे धुवायला जीव कचरतो ते घरी राहू द्या.

सगळ्यात आधी ॲप्रन. किमान तीन हवेत: एक अंगात, एक धुण्यात, एक इस्त्री करून बॅगेत. बॅगेतला विसरू नका, कारण कॅज्युअल्टीत (तातडीच्या रुग्णांच्या विभागात) पहिल्या तासातच अंगातला खराब होऊ शकतो. पावसाळ्यात चौथा लागतोच. नाशिक जिल्ह्यात घोटी-इगतपुरीकडे पोस्टिंग असेल तर धुतलेलं कापड दोन-दोन दिवस ओलसर राहतं. कापड टेरीकॉटचं घ्या, लवकर वाळतं आणि कमी चुरगळतं. उन्हाळ्यासाठी सुती शिवणार असाल तर कापड आधी पाण्यातून काढून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यातच खांद्यात आखडतं. उंची गुडघ्याच्या वरच ठेवा. त्याहून लांब ॲप्रन खाली वाकलं की फरशीला टेकतो, आणि सरकारी रुग्णालयात गर्दीच्या दिवसांत रुग्ण जमिनीवरच्या गादीवरही असतात. साध्या बटणांऐवजी टिचबटणं लावून घेतली तर अंगावर काही सांडल्यावर ॲप्रन एका झटक्यात काढता येतो. बाही मात्र कोपराच्या वर संपलीच पाहिजे. पूर्ण बाहीचा काठ ड्रेसिंग करताना जखमेजवळ घासतो, मग पुढच्या रुग्णाच्या चादरीला लागतो, आणि हात धुताना मनगट कोरडंच राहतं. कॉलेजचा नियम पूर्ण बाहीचाच असेल तर रुग्णाला हात लावण्याआधी ती कोपरापर्यंत दुमडा.

ॲप्रनच्या आत घालायचे रोजचे कपडे घालून एकदा घरी उकिडवं बसून पाहा. खालच्या रुग्णाला सलाईन लावताना, गुडघ्यांवर बसून सीपीआर (बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं) देताना पँट ताणली जाता कामा नये. ओढणी नको, घेतलीच तर दोन्ही टोकं ॲप्रनच्या आत पिनेने अडकवा. बांगड्या, अंगठ्या, कडं, मनगटावरचा दोरा काढून ठेवा, कारण त्यांच्याखाली साबण पोचत नाही. मंगळसूत्र आखूड असावं किंवा कपड्याच्या आत राहावं. केस वर बांधलेले, नखं कापलेली आणि बिनपॉलिशची. ओळखपत्र गळ्यातल्या लांब दोरीला लावू नका, वाकलं की ते रुग्णाच्या अंगावर लोळतं. खिशाला क्लिपने लावा.

बूट घेताना घाई करू नका, तिथे फसगत जास्त होते. जाळीचे स्पोर्ट्स शूज चालायला छान, पण जाळीतून रक्त थेट मोज्यापर्यंत येतं. भोकांच्या रबरी चपलांचंही तेच. हातातून सुटलेली सुई तर सरळ बोटात शिरते. वरून पूर्ण बंद, पुसता येणारे, न घसरणाऱ्या रबरी तळव्याचे बूट घ्या. खरेदीला संध्याकाळी जा, कारण दिवसभर उभं राहून पाय सुजतात आणि सकाळी बेताने बसलेला बूट रात्री चावतो. पुढे अंगठ्याएवढी मोकळी जागा सोडा. बॅगेत सुती मोज्यांचा जादा जोड ठेवा. ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि लेबर रूम (बाळंतपणाची खोली) इथल्या चपला, कपडे तिथलेच. ते घालून कॅन्टीनला जायचं नाही. ग्लव्ह्जचा नंबर पहिल्याच दिवशी सिस्टरांकडून मापून घ्या: साडेसहा, सात की साडेसात. मोठा ग्लव्ह बोटांच्या टोकाला लोंबतो आणि टाक्यात अडकतो.

थंडीत नाशिकचा पारा 10 अंशांच्या खाली जातो, निफाडकडे आणखी खाली. तरीही पूर्ण बाहीचा स्वेटर वॉर्डात नको. बिनबाह्यांचा घाला, जॅकेट गाडीपुरतं. पेठ-सुरगाण्याच्या बाजूला पावसात जायचं असेल तर बूट पिशवीत घेऊन जा आणि पोचल्यावर घाला.

खिशात दोन पेनं, छोटा टॉर्च, मोजपट्टी, एक छोटी वही आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ. घड्याळ मनगटावर नको, खिशाला अडकवा. वरच्या खिशात पेन उघडं ठेवलं तर वाकल्यावर ते जखमेतच पडतं. वापरलेली सुई किंवा फुटलेला अँप्यूल (इंजेक्शनच्या औषधाची काचेची कुपी) खिशात क्षणभरही नको. स्टेथोस्कोप प्रत्येक रुग्णानंतर स्पिरिटने पुसा. टीबीच्या रुग्णांत काम असेल तर साधा मास्क पुरत नाही, एन-95 लागतो, आणि तो नाकाच्या दोन्ही बाजूंनी घट्ट बसला पाहिजे. दाढीमुळे कडेने हवा शिरते, तेव्हा त्या पोस्टिंगपुरती दाढी काढाच.

ड्यूटी संपली की ॲप्रन रुग्णालयातच काढून वेगळ्या पिशवीत भरा आणि घरच्या धुण्यात मिसळू नका. रक्ताचा डाग आधी गार पाण्यात. गरम पाण्यात टाकला तर तो धाग्यात पक्का बसतो. बेटाडीनच्या डागावर क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून चोळा, पिवळेपणा जातो. मग साबण, आणि वाळल्यावर कडक इस्त्री.