बाल्कनीतली भाजी: मुंबईत कुठे, कधी आणि कशी लावावी

कुंड्या, माती, बियाणं यांपैकी काहीही विकत आणण्याआधी आठवडाभर एकच काम करा. घरात ऊन नेमकं कुठे पडतं, किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, हे एका कागदावर लिहून ठेवा. मुंबईत घरी भाजी लावायची म्हटलं की सगळे जागेची तक्रार करतात. माझ्या मते खरी अडचण उन्हाची असते. दोन फुटांच्या ग्रिलमध्ये सकाळचं चार-पाच तास ऊन येत असेल तर तिथे मिरची छान येते. ऐसपैस बाल्कनी समोरच्या टॉवरच्या सावलीत असेल, तर तिथे टोमॅटोचं झाड नुसतं उंच होत जातं आणि फळ धरत नाही.

यात मुंबईची एक खास गंमत आहे. आपण साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहोत. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो आणि उरलेलं वर्षभर तो दक्षिणेला असतो. डिसेंबरात तो इतका खाली कलतो की दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन थेट आत, दिवाणखान्याच्या लादीपर्यंत येतं. मे महिन्यात त्याच बाल्कनीवर वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली पडते. म्हणून उन्हाळ्यात केलेली नोंद हिवाळ्यातल्या लागवडीला लावू नका. दिवाळीनंतर भाजी हवी असेल तर ऊन ऑक्टोबरात मोजा.

सहा तास किंवा जास्त ऊन असेल तर टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी, दोडका लावा. चार-पाच तास असेल तर मिरची, चवळी, पालक, लाल माठ. दोन-तीन तासच असेल तर अळू, पुदिना, मेथी, कोथिंबीर. उत्तरेच्या खिडकीत टोमॅटोचा हट्ट धरू नका.

कधी लावायचं

घरच्या भाजीसाठी मुंबईतला सगळ्यात चांगला काळ नवरात्रापासून होळीपर्यंतचा. घटस्थापनेला आपण घटाभोवती धान्य रुजत घालतो, त्याच सुमारास टोमॅटो, वांगी आणि मिरचीचं बी टाकावं. दिवाळीच्या आसपास रोपं मोठ्या कुंडीत जातात, डिसेंबरात फुलं येतात आणि जानेवारीपासून तोडणी सुरू होते.

टोमॅटोसाठी हे वेळापत्रक काटेकोर पाळावं लागतं. त्याची फळं नीट धरायला रात्री थंड लागतात, साधारण 15 ते 20 अंशांच्या. मुंबईत अशा रात्री मुख्यतः डिसेंबर ते फेब्रुवारीत मिळतात. मार्चमध्ये फुलावर आलेलं झाड फुलं टाकतं आणि लोक खताला दोष देतात.

उन्हाळ्यात भेंडी, गवार, चवळी आणि लाल माठ चांगले येतात. मृगाच्या तोंडावर, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, दोडका, पडवळ, काकडी आणि भेंडीचं बी टाका. पावसाळ्यात कुंडीत पालेभाजी करण्याच्या फंदात मी तरी पडणार नाही. पाऊस अंगावर येतो तिथे पानं चिखलाने माखतात आणि मेथी मुळाशी कुजते.

कशात लावायचं

टोमॅटो आणि वांग्याला एका झाडामागे 15 ते 20 लिटरचं भांडं हवं. रंगाचा रिकामा डबा किंवा बारा-चौदा इंची कुंडी त्याला पुरते. मिरचीला दहा इंची कुंडी चालते. पालेभाजीला उथळ पण पसरट भांडं हवं, सहा इंच खोली बस्स. मासळी बाजारात मिळणारे थर्माकोलचे खोके यासाठी उत्तम. ते हलके असतात आणि उन्हात मुळं तापत नाहीत. मात्र आणल्यावर साबणाने घासून दोन-तीन पाण्यांनी धुवा, कारण मिठाचं पाणी राहिलं तर रोपं करपतात.

तळाला बोटाएवढी चार-पाच भोकं पाडा आणि प्रत्येकावर खापराचा एक तुकडा ठेवा. खाली खडीचा जाड थर देण्याची पद्धत सोडून द्या. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच अडून बसतं. मुळांना मिळणारी माती तेवढी कमी होते.

वजनाचा विचार घरमालकाला आणि सोसायटीला विचारण्याआधी स्वतः करा. वीस लिटरच्या डब्यात नुसती माती भरून पाणी घातलं तर त्याचं वजन तीस किलोच्या पुढे जातं. अशा चार डब्यांचा भार जुन्या ग्रिलवर टाकणं धोक्याचं आहे. जड डबे बाल्कनीच्या जमिनीवर, भिंतीलगत ठेवा. ग्रिलमध्ये हलक्या मिश्रणाच्या लहान कुंड्याच ठेवा आणि त्या तारेने गजांना बांधा. गजांच्या बाहेरच्या कडेला काहीही ठेवू नका. खाली माणसं चालत असतात.

मिश्रण असं करा: एक भाग तांबडी माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत किंवा घरचं चांगलं कुजलेलं कंपोस्ट. प्रत्येक कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड घाला. नर्सरीत मिळणारी नुसती तांबडी माती कुंडीत विटेसारखी घट्ट होते, म्हणून तिच्यात कोकोपीट हवंच. कोकोपीटची वीट बादलीत भिजवा, फुगली की पिळून ते पाणी ओता आणि पुन्हा भिजवा. त्यात क्षार असतात, ते निघून गेले पाहिजेत.

मिश्रणातलं कंपोस्ट स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातूनही तयार होतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर फळझाडं आणि भाज्या वाढवून दाखवल्या. त्यातून गच्चीवरच्या शेतीची प्रेरणा शहरातल्या अनेकांना मिळाली. घरी एवढं जमलं नाही तरी भाजीची देठं, सालं आणि सुकी पानं थरांनी रचली की दोन-तीन महिन्यांत एका कुंडीपुरतं खत मिळतं.

रोपं तयार करणं

सगळ्याच भाज्यांची रोपं करायची नसतात. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर यांची आधी रोपं करून मग ती हलवायची. भेंडी, गवार, मुळा, गाजर, मेथी, पालक यांचं बी थेट जिथे वाढणार तिथेच टाकायचं. मुळा आणि गाजर हलवले की सोटमूळ दुभंगतं आणि हाती वेडेवाकडे फाटे येतात. काकडी आणि दोडका कागदी कपात रुजवून, मुळं न दुखवता, हलवता येतात.

रोपांसाठी नर्सरीतला ट्रे घ्या किंवा दह्याचे रिकामे कप वापरा, तळाला भोक पाडून. कोकोपीट आणि गांडूळखत सारखं घ्या. इथे माती घालू नका, रोपमर, म्हणजे कोवळी रोपं कोलमडण्याचा रोग, बहुतेक वेळा मातीतूनच येते. एका कपात दोन बिया, बीच्या जाडीच्या दुप्पट खोल. ओलावा द्या, पाण्यात बुडवू नका. टोमॅटो साधारण आठवड्यात उगवतो, वांग्याला थोडं जास्त लागतं आणि मिरचीला दहा-बारा दिवसही लागतात. मिरची उगवली नाही म्हणून आठव्या दिवशी कप उकरून पाहू नका.

हिरवा कोंब दिसला त्याच दिवशी कप उन्हात हलवा. सगळ्यात जास्त रोपं इथेच बिघडतात. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, ट्यूबलाइटखाली दोन दिवस राहिलेलं रोप सुतासारखं लांब आणि फिकट होतं, प्रकाशाकडे वाकतं आणि मग स्वतःचं वजन पेलत नाही. सकाळचं कोवळं ऊन पहिल्या दिवसापासून हवं. कपातलं दुसरं रोप उपटू नका, कात्रीने कापा. उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतात.

पाणी सकाळीच द्या. मुंबईच्या दमट हवेत संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर सुकत नाही आणि कोवळं खोड मातीलगत काळं पडून रोप आडवं होतं. एकदा रोप असं कोलमडलं की ते वाचत नाही. तो कप ताबडतोब बाजूला काढा आणि बाकीच्यांचं पाणी कमी करा.

टोमॅटोचं रोप तीन ते चार आठवड्यांत, वांग्याचं चार ते पाच आठवड्यांत आणि मिरचीचं पाच-सहा आठवड्यांत हलवण्याजोगं होतं. चार-पाच खरी पानं (उगवताना दिसणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतरची) आणि पेन्सिलच्या शिशापेक्षा जाड खोड, ही खूण लक्षात ठेवा.

एवढा धीर नसेल तर नर्सरीतून रोपं आणा, त्यात काही कमीपणा नाही. फक्त उंच रोप पाहून भुलू नका. बुटकं, जाड खोडाचं, गडद पानांचं रोप घ्या. फूल आलेलं लहान रोप घेऊ नका, त्याची मुळं पिशवीत कोंडलेली असतात. पानं उलटून पाहा. पांढरी माशी आणि मावा खालच्या बाजूला लपतात. घरी आणल्यावर दोन-तीन दिवस इतर झाडांपासून लांब ठेवा.

बियाण्यात निवड करता येत असेल तर टोमॅटोची 'अर्का रक्षक' जात बघा. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ही संकरित जात पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर (झाड अचानक सुकून जाणं) आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देते. कोकणपट्टीच्या दमट हवेत मर रोगाचा त्रास फार असतो, म्हणून हा गुण मोलाचा. भेंडीत परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' ही जुनी आणि भरवशाची जात आहे. पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाला ती बऱ्यापैकी टिकते.

मोठ्या कुंडीत हलवताना

आदल्या चार-पाच दिवसांत रोपांना उन्हाची आणि वाऱ्याची सवय करा, दररोज थोडं जास्त. मग संध्याकाळी, ऊन उतरल्यावर हलवा. कप पिळून मातीचा गोळा अखंड बाहेर काढा, खोड धरून ओढू नका.

टोमॅटो खालच्या पानांपर्यंत खोल पुरावा. आधी ती खालची पानं खुडून टाका. पुरलेल्या खोडाला नवी मुळं फुटतात. वांगी आणि मिरची मात्र कपात होती तेवढ्याच खोल ठेवा. टोमॅटोला चार फुटी काठी त्याच दिवशी रोवा, महिन्याने रोवली तर मुळं तुटतात. भरपूर पाणी द्या. दुसऱ्या दिवशी दुपारी रोप मान टाकेल, घाबरू नका, संध्याकाळी उभं राहतं.

पाणी, खत आणि डास

घड्याळ बघून पाणी देऊ नका. बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर राहू द्या, कोरडं लागलं तर खालून पाणी येईपर्यंत द्या. थंडीत बहुधा दिवसातून एकदा पुरतं, एप्रिल-मेमध्ये लहान कुंड्यांना दोनदा लागतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी रोज देऊ नका, त्यातले क्षार कुंडीत साठत जातात.

कधी कोरडं, कधी चिंब असं झालं की टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडतं. हा रोग नव्हे. पाणी अनियमित झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. पाणी सुधारा, पुढची फळं चांगली येतील.

कुंडीखालच्या बशा आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासा, पावसाळ्यात तर दोनदा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतात. बशीशिवाय चालत असेल तर बशी ठेवूच नका.

लावल्यावर तीन आठवड्यांनी खत सुरू करा: दर पंधरा दिवसांनी मूठभर कंपोस्ट, वरची माती हलकेच उकरून. फुलं दिसू लागली की शेंगदाणा पेंड दोन-तीन दिवस भिजवून, दहापट पाण्यात मिसळून, आठवड्यातून एकदा द्या. भांड्यावर झाकण घट्ट ठेवा, वास शेजारच्या घरापर्यंत जातो.

फुलं येतात, फळ धरत नाही

वरच्या मजल्यांवर मधमाश्या क्वचित येतात, वाराही खिडकीच्या काचेने अडतो. टोमॅटो, वांगी, मिरची यांच्या फुलांना सकाळी दहाच्या सुमारास बोटाने हलकेच टिचक्या मारा, तेवढ्याने पराग झडतो. काकडी आणि दोडक्यात नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ दिसतं. नर फुल खुडून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्याला लावा. काकडीला हे सकाळी करायचं. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून त्याला दिवेलागणीच्या वेळी.

कबुतरं आणि किडी

मुंबईत रोपांचा पहिला शत्रू कबुतर. कोवळी रोपं ती उपटून टाकतात आणि मोकळ्या मातीत घरटं करतात. रोपं वीतभर होईपर्यंत वरून जाळी लावा, मातीवर सुक्या नारळाच्या शेंड्या पसरा.

मिरचीची पानं होडीसारखी वळली किंवा चुरगळली तर फुलकिडे किंवा कोळी आहेत. असे शेंडे खुडून टाका. मग एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण मिसळून, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारा. चार-पाच दिवसांनी पुन्हा. पिठ्या ढेकूण दिसला तर आधी ओल्या कापडाने पुसून काढा, फवारणी त्यानंतर.

ऊन कमी असलेल्या घरांसाठी

समुद्रमेथी. बाजारात छोट्या जुड्या मिळतात ती. ही साध्या मेथीचीच कोवळी रोपं. समुद्राकाठच्या वाळूत वाढवतात आणि मुळांसकट उपटतात. घरातल्या डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवा, उथळ ट्रेमध्ये बारीक रेती आणि कंपोस्ट सारखं घेऊन त्यावर दाट पेरा, वरून पातळ थर द्या. दोन आठवड्यांत उपटायला येते. दर आठवड्याला एक नवा ट्रे पेरला तर मेथी सतत मिळत राहते. कोथिंबिरीचे धणे मात्र लाटण्याने फोडून दोन भाग करून पेरा.

हंगाम संपल्यावर

मार्चअखेर टोमॅटोची झाडं थकली की उपटून टाका. त्याच मातीत पुन्हा टोमॅटो, वांगी किंवा मिरची लावू नका, तिन्ही एकाच कुळातली, रोग तेच. माती प्लॅस्टिकवर पातळ पसरून एप्रिल-मेच्या उन्हात आठ-दहा दिवस वाळवा, मुळांचे धागे वेचा, एक तृतीयांश नवं कंपोस्ट मिसळा आणि त्यात चवळी पेरा. तिच्या शेंगा भाजीला येतात. मृगाच्या तोंडावर ती मुळाशी कापून टाका, मुळं मातीतच राहू द्या आणि त्या जागी दोडक्याचं बी टाका.