अमेरिकेच्या इतिहासावर निबंध लिहिताय? मग या चुका टाळा

अमेरिकेच्या इतिहासावरचे निबंध मी गेली २२ वर्षं तपासतेय. एम.ए.च्या असाइनमेंट, कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या पेपरतपासणी केंद्रात, बसून उपसलेले गठ्ठे, आणि आता त्यात भर म्हणून न्यू जर्सीतला भाचा. तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे आणि सबमिशनच्या आदल्या रात्री "मावशी, जरा बघ ना" म्हणून फाइल पाठवतो. आमची मुलं मराठीत लिहितात, तो इंग्रजीत. चुका मात्र सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशा. बहुतेकींचं मूळ एकच: उत्तर आधी ठरलेलं असतं आणि वाचन नंतर, तेही झालं तर.

आधी किरकोळ चूक उरकते. प्रश्न असतो 'महामंदीची कारणमीमांसा करा' आणि निबंध सुरू होतो १४९२ मध्ये. कोलंबस निघतो, मेफ्लॉवर किनाऱ्याला लागते, तेरा वसाहती वसतात, आणि पहिलं पान संपलं तरी १९२९ काही उजाडत नाही. 'प्रस्तावना पाहिजेच' हे शाळेतलं खूळ आहे. निबंध पूर्ण झाला की मी पहिला परिच्छेद तळहातानं झाकते आणि दुसऱ्यापासून वाचते. काही अडलं नाही, तर पहिला खोडायचा. बहुतेक वेळा काहीच अडत नाही.

चहा महाग झाला नव्हता

आता माझी खास नावडती चूक. "इंग्रजांनी चहावर जबर कर लावला, चहा महागला, म्हणून संतापलेल्या वसाहतवाल्यांनी बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या फेकल्या." हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता त्यावर लाल पेन आपोआप फिरतं.

१७७३ च्या चहा कायद्यानं अमेरिकेतला चहा स्वस्त होणार होता. चहावर पौंडामागे तीन पेन्सचा कर होता, पण तो १७६७ चा, इंग्लंडचा अर्थमंत्री टाउनशेंड याच्या काळातला. बाकीच्या मालावरचे कर १७७० मध्ये उठले, चहावरचा तेवढा ठेवला. नव्या कायद्यानं वेगळंच केलं. ईस्ट इंडिया कंपनीला चहा लंडनच्या लिलावात न विकता थेट अमेरिकेत, आपल्या ठरावीक आडत्यांमार्फत विकायची मुभा दिली, आणि इंग्लंडात भरावं लागणारं शुल्कही परत मिळायची सोय केली. मधले दलाल गेले, शुल्क गेलं, भाव उतरला. चोरून येणाऱ्या डच चहाशीही कंपनी टक्कर देऊ शकली असती.

मग स्वस्त चहा समुद्रात का टाकायचा? इथे निबंध सुरू होतो, आणि नेमका इथेच आमचा विद्यार्थी पुढच्या मुद्द्यावर उडी मारतो. थांबून विचारा, पोट कुणाचं दुखलं? चोरट्या चहावर गबर झालेल्या व्यापाऱ्यांचं. ठरावीक आडत्यांच्या यादीत नाव नसलेल्या दुकानदारांचं. आणि ज्यांना हे कळलं होतं की स्वस्ताईच्या लोभानं आज तीन पेन्स मुकाट भरले, तर आपण न निवडलेल्या पार्लमेंटचा कर बसवायचा अधिकार मान्य केल्यासारखं होईल, अशा लोकांचं. महाग चहा नाकारायला तत्त्व लागत नाही. स्वस्त चहा नाकारायला काहीतरी लागतं, आणि ते काय होतं हे सांगणं हाच निबंध.

याच प्रश्नात आमच्याकडे एक देशी चूक भेटते. एका वर्षी तीन-चार जणांनी लिहिलं की बोस्टनला बुडवला तो आसामचा चहा. एकाच नोट्सची झेरॉक्स फिरलेली असणार. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री डार्टमथ, एलेनॉर आणि बीव्हर या तीन जहाजांवरून सुमारे ३४० पेट्या पाण्यात गेल्या, त्या सगळ्या चिनी चहाच्या. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पोचायला १८३९ उजाडावं लागलं.

गंमत म्हणजे भारताचा खरा धागा तिथेच पडलेला असतो आणि तो कुणी उचलत नाही. १७७२ मध्ये कंपनी बुडायच्या बेतात होती. बंगालच्या कारभाराचा बोजा, १७७० चा दुष्काळ, गोदामात लाखो पौंड न खपलेला चहा. कंपनीनं सरकारकडे हात पसरले. त्या एकाच दुखण्यावर पार्लमेंटनं १७७३ मध्ये जे उपाय केले, त्यात एक, कंपनीच्या भारतातल्या कारभाराला लगाम घालणारा, रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट आणि दुसरा हा चहा कायदा. पहिला आमची मुलं आधुनिक भारताच्या पेपरात घोकतात, दुसरा अमेरिकेच्या पेपरात. दोन्ही पेपर एकाच आठवड्यात असतात, तरी दोन कायद्यांची भेट होत नाही.

'राज्यांचे हक्क': कसले हक्क?

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा जास्त बोलते. एम.ए.ला असताना मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "यादवी युद्धाचं मूळ कारण गुलामगिरी नसून राज्यांचे हक्क हे होतं." वाक्य गाइडमधलं. विद्वत्तापूर्ण वाटलं, म्हणून अधोरेखितही केलं. सरांनी समासात दोनच शब्द लिहिले: "कसला हक्क?" वीसपैकी सात. मी वाद घालायला गेले. सर काही बोलले नाहीत. कपाटातून चार-पाच पानांची झेरॉक्स काढून हातात ठेवली आणि म्हणाले, "हे वाच आणि मग भांडायला ये."

ते साउथ कॅरोलिना या दक्षिणेतल्या राज्याचं, संघराज्यातून फुटून निघण्याची कारणं सांगणारं निवेदन होतं, २४ डिसेंबर १८६० चं. होस्टेलवर शब्दकोश मांडीवर घेऊन बसले. वाचता वाचता चेहरा उतरत गेला. तक्रार काय, तर उत्तरेकडची राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत. मेनपासून आयोवापर्यंत एकेका राज्याचं नाव घेऊन म्हटलंय की यांनी आपापले कायदे करून गुलाम परत देण्यात खोडा घातला. न्यू यॉर्कवर तर वेगळा राग: तिथली न्यायालयं गुलामाला बरोबर घेऊन नुसतं राज्यातून जाऊही देत नाहीत.

म्हणजे न्यू यॉर्क स्वतःच्या हद्दीत स्वतःचा कायदा चालवत होतं. राज्याचा हक्क यालाच म्हणतात ना? आणि दक्षिणेचं गाऱ्हाणं हेच, की न्यू यॉर्कनं हा हक्क का बजावला. १८५० चा पळपुट्या गुलामांचा कायदा हा केंद्राचा कायदा. तो उत्तरेच्या उरावर बसवायला दक्षिणेला केंद्र हवं होतं. मिसिसिपीनं तर आढेवेढेही घेतले नाहीत. जानेवारी १८६१ मधल्या त्यांच्या निवेदनात दुसऱ्याच वाक्यात सांगितलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पुरती एकरूप आहे. मी भांडायला गेले नाही.

आता उलट टोकाचीही चूक होते: "उत्तरेनं गुलामांच्या मुक्तीसाठी शस्त्र उचललं." तेही १८६१ पुरतं खोटं. त्या वर्षी जुलैत काँग्रेसनं ठराव करून सांगितलं की युद्ध संघराज्य टिकवण्यासाठी आहे, राज्यांच्या प्रस्थापित संस्था मोडण्यासाठी नाही. दक्षिण का फुटली हा एक प्रश्न. उत्तर का लढली हा दुसरा. आणि लढता लढता युद्धाचा हेतू कसा पालटला हा तिसरा. मी हे तीन प्रश्न कागदावर तीन रकान्यांत मांडते आणि प्रत्येक मुद्दा कुठल्या रकान्यात जातो ते बघते. तीन ओळींचं काम आहे, पण मुलांना तेवढाही धीर नसतो. 'दोन्ही बाजूंची आपापली कारणं होती' असं गुळमुळीत लिहून मोकळी होतात. तटस्थता म्हणे! ती निव्वळ आळसाची सभ्य भाषा आहे.

लिंकनचं पत्र अर्धं वाचू नका

लिंकन एक तर देवमाणूस असतो, नाहीतर ढोंगी. ढोंगीवाले एकच पुरावा आणतात: संपादक होरेस ग्रीलीला लिहिलेलं पत्र, ज्यात तो म्हणतो की एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचवता आलं तर मी तसं करीन. बरोबर, म्हणालाय. पण तारखा बघा. २२ जुलै १८६२ ला त्यानं मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळापुढे ठेवला. परराष्ट्रमंत्री सुअर्डनं सल्ला दिला, रणांगणावर एखादा विजय मिळेपर्यंत थांबा. ग्रीलीला पत्र गेलं २२ ऑगस्टला, म्हणजे मसुदा तयारच होता. १७ सप्टेंबरला अँटिएटमची लढाई झाली, ती उत्तरेचा विजय मानली गेली, आणि २२ सप्टेंबरला प्राथमिक जाहीरनामा निघाला. तीन महिन्यांतल्या तीन बावीस तारखा एका ओळीत लिहिल्या, की पत्राचा सूर वेगळा ऐकू येतो: मनात ठरलेली गोष्ट लोकांच्या गळी उतरवायची तयारी चालली आहे. पत्राचा शेवटही वाचा. सगळीकडची सगळी माणसं मुक्त असावीत ही माझी वैयक्तिक इच्छा कायम आहे, असं तो तिथे म्हणतो.

देवमाणूसवाल्यांसाठी एवढंच: १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा बंडखोर भागापुरता होता. केंटकी, मिसूरी, मेरिलंड, डेलावेअर ही संघराज्यात राहिलेली गुलामगिरीची राज्यं त्यातून बाहेर. देशभर गुलामगिरी कायद्यानं संपली ती तेराव्या घटनादुरुस्तीनं, डिसेंबर १८६५ मध्ये.

यंत्राच्या भरवशावर

एकदा १८३० च्या 'इंडियन रिमूव्हल अ‍ॅक्ट'वरची असाइनमेंट आली. शीर्षक: 'भारतीय हकालपट्टी कायदा'. मोबाइलवर भाषांतर करून घेतलेलं. इथले 'इंडियन' म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी, हे त्याच्या गावीही नव्हतं. तेवढ्यावर थांबला असता तर दोन मार्क कापून सोडला असता. पण त्यानं पुढे स्वतःची बुद्धी लावली आणि या अन्यायातूनच १९१३ मध्ये अमेरिकेतल्या भारतीयांची गदर चळवळ उभी राहिली असं अनुमान काढलं. ८३ वर्षांचा राग! मी हसले, मग त्याला बोलावून चेरोकी जमातीबद्दल सांगितलं. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वूस्टर खटल्यात त्यांच्या बाजूनं कौल दिला, तरी १८३८-३९ मध्ये त्यांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हाकललं, आणि त्या वाटेवर हजारो मेले. पोरगा गप्प झाला. हुशार होता, फक्त घाईत होता.

या प्रकरणात अध्यक्ष जॅक्सनच्या तोंडी एक वाक्य हमखास घातलं जातं: (सरन्यायाधीश) मार्शलनं निकाल दिलाय, आता त्यानंच तो अंमलात आणावा. झकास वाक्य आहे, पण जॅक्सननं ते म्हटल्याचा समकालीन पुरावा नाही. अवतरण जितकं झकास, तितका माझा संशय जास्त. चॅटबॉटनं पुरवलेल्या संदर्भांबद्दल तर बोलायलाच नको. गेल्या वर्षी एका यादीतली दोन पुस्तकं मी कॅटलॉगमध्ये शोधून दमले. ती कुणी लिहिलेलीच नव्हती.

भराभर आणखी काही. 'जीवन, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध' हे १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात आहे, राज्यघटनेत नाही. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीनं 'सर्वांना' मताधिकार मिळाला नाही. बायकांना १९२० पर्यंत थांबावं लागलं, आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना तो प्रत्यक्षात बजावता येण्यासाठी १९६५ चा कायदा लागला. शेअरबाजार कोसळणं आणि महामंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यू डीलनं, म्हणजे अध्यक्ष रूझवेल्टच्या मंदीवरच्या उपाययोजनांनी, मंदी संपवली असं लिहिण्याआधी १९३७-३८ मध्ये बेकारी पुन्हा का उसळली ते बघा. 'रेड इंडियन' लिहू नका, कृपा करून.

फुल्यांना शेवटी चिकटवू नका

गुलामगिरीवरचा आमच्याकडचा जवळजवळ प्रत्येक निबंध एकाच वाक्यानं संपतो: जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. खरं आहे, अभिमानाचंही आहे. पण तोरणासारखं दाराला टांगून काय उपयोग? ते वर्ष बघा, १८७३. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीनं न्यायालयाच्या इमारतीला वेढा घालून कृष्णवर्णीयांची कत्तल केली. साठच्या वर माणसं मारली गेली. काही अंदाज दीडशेपर्यंत जातात. १८७६ मध्ये क्रुइकशँक खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आरोपींवरच्या शिक्षा रद्द ठरवल्या. पुण्यात बसून फुल्यांना अमेरिकेत काय दिसत होतं आणि तिथे काय घडत होतं, हे दोन कागद शेजारी ठेवा आणि लिहा. असा निबंध माझ्याकडे अजून एकदाच आला. मुलगी बी.ए.ला होती, व्याकरणाच्या चुका ढीगभर होत्या, आणि मी तिला वर्गातले सर्वांत जास्त मार्क दिले.

भाच्याचं म्हणाल तर त्याच्या चहाच्या निबंधावर प्रोफेसरनं समासात लिहिलं होतं, "सो व्हॉट?" तो दुखावला होता. मला मात्र आमच्या सरांचं "कसला हक्क?" आठवलं. त्यानं चार पानांची दोन केली, चहा स्वस्त केला आणि पुन्हा दिला. पुढचा निबंध रिकन्स्ट्रक्शनवर, म्हणजे यादवी युद्धानंतर दक्षिणेची घडी पुन्हा बसवण्याच्या काळावर, आहे. सबमिशन उद्या रात्री, म्हणजे फाइल तिकडच्या मध्यरात्री, आपल्याकडे सकाळच्या चहाच्या वेळेला येऊन पडेल. १४९२ पासून सुरू झालेली नसली म्हणजे मिळवली.