टोकियोत चांगलं रामेन शोधताना

टोकियोत मॅपवर इंग्रजीत ‘रामेन’ (सूपमधल्या जपानी नूडल्स) शोधलं की बहुतेक पर्यटकांच्या गर्दीची दुकानंच वर येतात. स्थानिक लोक जेवतात ती दुकानं अशी शोधा:

१. ट्रान्सलेट अॅपमध्ये ‘रामेन’चं जपानी रूप काढा, ती अक्षरं कॉपी करून मॅपमध्ये टाका. यादी लगेच बदलते.

२. आवडलेलं नाव ‘ताबेलॉग’ या जपानी साइटवर तपासा. तिथले लोक गुण देताना हात आखडता घेतात, त्यामुळे ३.५ म्हणजे उत्तम दुकान. आपल्याकडच्या अॅपवर ३.५ दिसलं की आपण पुढे सरकतो, तसं इथे करू नका. ३.२-३.३ वालीसुद्धा रोजच्या जेवणाला छान असतात. साइटची ‘ह्याकुमेइतेन’ ही निवडक दुकानांची यादीही पाहण्यासारखी आहे, पण तिथे रांगेची तयारी ठेवा.

३. अनेक दुकानांत दाराजवळच्या मशीनवर आधी पैसे भरून तिकीट घ्यायचं असतं. काही समजलं नाही तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबा, बहुधा तोच दुकानाचा खास पदार्थ असतो. हजार येनच्या नोटा जवळ असू द्या, सगळीकडे कार्ड चालत नाही.

शाकाहारी मंडळींनी मात्र हे बटण दाबू नये. वर फक्त भाज्या दिसल्या तरी खालचं सूप बहुधा डुकराच्या हाडांचं, कोंबडीचं किंवा माशाचं असतं. त्यांच्यासाठी टोकियो स्टेशनातलं ‘टीज तानतान’ आहे, तिथे सगळंच वीगन मिळतं. दुकान तिकीट गेटच्या आत आहे, तेव्हा गाडी बदलतानाच जाणं सोयीचं.