रात्री उसाला दारं धरायला जाताय? बॅटरी घेताना आधी सेल बघा

पलूस तालुक्यात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार टेम्पोतून उतरते, हिशेब ठरतो, आणि निघता निघता शेतकरी पिशवीतून बंद पडलेली बॅटरी काढून काउंटरवर ठेवतो, "मिस्त्री, हिचंबी बघा की जरा." अशा शेकडो खोलल्या असतील. आमच्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्यात घालतात तो सेल. इथंही तसंच लिहितो.

घरचा दीड एकर ऊस आहे. आमच्या फिडरवर शेतीची थ्री फेज काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की मोटार चालू करायची आणि खोरं घेऊन सऱ्यांना पाणी लावत फिरायचं, हेच दारं धरणं. तीन वर्षांपूर्वी, दिवाळी नुकतीच झालेली, आडसाली ऊस डोक्याबरोबर आलेला. मधली सरी फुटली म्हणून आत शिरलो आणि बॅटरी दोनदा मिणमिणून विझली. मोबाइल स्टार्टरच्या पेटीवर राहिला होता. पात गालाला कापत होती, पाय अंदाजानं टाकत कसाबसा बांधावर आलो. सकाळी त्याच बांधाच्या कडेला भावाला घोणस दिसली.

त्या बॅटरीच्या सेलवर ९९०० एमएएच (सेलात किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलेलं होतं. मी तो सराफाच्या काट्यावर ठेवला तर भरला २९ ग्रॅम. पूर्ण चार्ज करून बारीक करंटवर उतरवला तर साडेआठशे एमएएचसुद्धा निघाले नाहीत. तेव्हापासून माझ्याकडं कोणी "कुठली बॅटरी घेऊ" म्हणून विचारायला आलं की मी उलटं विचारतो: सेल कुठला घालणार? तो रात्रभर पुरला पाहिजे, संपला तर बदलता आला पाहिजे आणि खरा पाहिजे. एवढं ठरलं की बॅटरी निवडणं सोपं आहे.

रानात नेण्यासाठी मी १८६५० नंबरचा लिथियम सेल सांगतो. नंबराचा अर्थ साधा आहे: १८ मिलीमीटर जाड, ६५ मिलीमीटर लांब, शेवटचं शून्य म्हणजे गोल नळकांडं. ह्या मापात आज चांगल्यात चांगला सेल साधारण ३५०० एमएएचचा येतो. त्यामुळं ५०००, ६८००, ९९०० असं छापलेलं दिसलं की तो सेल तिथंच ठेवा, डब्यावर काहीही लिहिलेलं असू दे. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. तिशीच्या आत भरला तर आत माल नाही. गावात सराफ असतोच, काट्यावर ठेवायला दोन मिनिटं लागतात. २५०० ते ३००० लिहिलेला आणि वजनाला भरलेला सेल हा माझ्या मते सगळ्यात भरवशाचा. मला गेल्या खेपेला रिकामी बॅटरी ४५० ला आणि सेल २८० ला पडला. लोक म्हणतात, सेललाच एवढे पैसे? मी म्हणतो, पैसे तिथंच घाला, बॅटरीची नळी स्वस्तातली चालेल.

विकणारे लुमेनचे, म्हणजे उजेड किती पडतो त्याचे, आकडे ओरडून सांगतात, तेव्हा हा हिशेब डोक्यात ठेवा. ३.६ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर-तास म्हणजे जवळपास ११ वॅट-तास. चांगली एलईडी एका वॅटला ढोबळ १०० लुमेन देते. म्हणजे १०० लुमेनवर तो सेल नऊ-दहा तास जाईल, ३०० वर तीन तास. आता ५००० लुमेन लिहिलेली बॅटरी घ्या: तिला ५० वॅट लागतील, सेल पाव तासाच्या आत संपेल आणि नळी हातात धरवणार नाही इतकी तापेल. म्हणजे तो आकडा खोटा. दारं धरायला दीडशे-दोनशे लुमेन पुष्कळ होतात. लांबचं बघायला थोडा वेळ तीनशे-चारशेचं बटण असलं की झालं. आमच्या भागात उसात बिबट्याची धास्ती असते. आवाज आला तर तेवढ्यापुरता मोठा झोत हवाच, पण रात्रभर नको.

डब्यावर "पल्ला २०० मीटर" असं लिहिलेलं असतं, त्याचीही गोम आहे. ज्या कंपन्या नियमानं मोजतात त्यांचा पल्ला म्हणजे उजेड पाव लक्सवर येतो ते अंतर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. चांदण्यात पांढरा बैल दिसेल, पण गवतात पडलेलं जनावर दिसणार नाही. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, म्हणून मी लिहिलेल्या पल्ल्याच्या अर्ध्यापर्यंतच भरवसा धरतो, आणि सापासाठी तर दहा पावलांपलीकडचा विचारच करत नाही.

सापाचा विषय निघालाच आहे तर रंगाचं सांगतो, कारण ह्याकडं कोणी लक्ष देत नाही. बाजारातल्या बहुतेक स्वस्त बॅटऱ्यांचा उजेड निळसर पांढरा असतो. दिसायला लखलखीत, पण त्यात तपकिरी, पिवळा, मातकट हे रंग एकमेकांत मिसळून जातात. घोणस वाळल्या पाचटावर पडली तर आधीच रंगात रंग मिसळलेला. किंचित पिवळसर, दुपारच्या उन्हाच्या जवळचा उजेड घेतला तर तिच्या अंगावरचे गोल डाग वेगळे उठतात. डब्यावर ४००० ते ५००० केल्व्हिन लिहिलेलं असेल तर तो रंग, ६५०० म्हणजे निळसर. शेजारच्या द्राक्षबागवाल्यांचाही हाच अनुभव. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की ते पहाटे पानं उलटीसुलटी करून बघत बागेत हिंडतात, आणि डाऊनी रोगाचा पिवळा तेलकट ठिपका निळ्या उजेडात हमखास सुटतो. दुकानात दोन बॅटऱ्या घेऊन आपल्याच तळहातावर मारून बघा. ज्या उजेडात हात हातासारखा दिसतो ती घ्या.

बॅटरी धरायचीही रीत आहे. डोक्याला बांधायची घेतली की दोन्ही हात खोऱ्याला मोकळे राहतात, ते सोयीचंच. पण उजेड डोळ्यांच्याच रेषेतून गेला की सावल्या दिसत नाहीत, सगळी जमीन सपाट वाटते. बांधावरून चालताना हातातली बॅटरी मांडीच्या उंचीला धरून तिरका झोत पुढं टाका. ढेकळाची, काडीची, सापाची सावली लांब पडते आणि नजर तिथं जाते. मी आता डोक्याची कामाला आणि हातातली वाटेला, अशा दोन वापरतो. मोबाइलचा उजेड फक्त पायाजवळ पसरतो. शिवाय अडचणीत फोन लावायचा तोच, त्याचा चार्ज उजेडावर घालवू नका.

घरासाठी, म्हाताऱ्या माणसांसाठी, गोठ्यासाठी मात्र मी लिथियम सांगत नाही. तिथं पेन्सिल सेलची, म्हणजे डबल-ए ची बॅटरी बरी. माझी आई पहाटे धारेला उठते. तिला चार्जिंगचा दिवा लाल का हिरवा हे बघत बसायला लावणं मला पटत नाही. सेल संपला, काढला, नवा घातला. किराणा दुकानात रात्री नऊलाही मिळतो.

पेन्सिल सेलमध्येही तीन जाती आहेत. साधा कार्बन-झिंकचा, एव्हरेडीचा लाल १०१५ सगळ्यांना माहीत असलेला, तो घड्याळाला आणि रिमोटला उत्तम. एलईडी बॅटरी त्याच्याकडून एकदम जास्त करंट ओढते, तिथं तो लवकर बसतो. अल्कलाइन, ज्याच्यावर एलआर ६ लिहिलेलं असतं, तो महाग पडतो पण बॅटरीत कितीतरी जास्त चालतो. तिसरा निकेल मेटल हायड्राइडचा, परत परत चार्ज होणारा. त्याच्यावर १.२ व्होल्ट बघून लोक परत ठेवतात, "दीड पाहिजे" म्हणून. अहो, अल्कलाइन दीडवर सुरू होतो आणि जसजसा वापराल तसा उतरत जातो, हा १.२ च्या आसपास शेवटपर्यंत टिकून राहतो. रोज पहाटे बॅटरी लागणाऱ्या घरात दोन जोड्या आणि एक चार्जर घेतला की एका वर्षात पैसे फिटतात. फक्त "रेडी टू यूज" लिहिलेला घ्या, तो नुसता ठेवला तरी महिनोन्‌महिने चार्ज धरून राहतो.

एक सावधगिरी: १४५०० नंबरचा लिथियम सेल दिसायला अगदी पेन्सिल सेलसारखा असतो, पण तो ३.७ व्होल्टचा. साध्या बॅटरीत चुकून घातला तर एलईडी जाते. मापात बसतो म्हणून घालू नका.

आता ती चपटी, मागून प्लगच्या पिना निघणारी बॅटरी. दर घरात एक असते आणि माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त तीच येते. बऱ्याच जणींच्या आत ४ व्होल्टचा शिसं-अ‍ॅसिडचा डबा असतो. तो उतरलेला तसाच चार-सहा महिने कपाटात राहिला की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग तो चार्ज घेत नाही. असलीच तर महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा, वापरा न वापरा. आणि माझ्या धंद्याच्या अनुभवातून कळकळीनं सांगतो: ह्या स्वस्त बॅटऱ्यांत बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो, घरच्या लाइनचा करंट थेट आतल्या सर्किटवर येतो. प्लगला लावलेली असताना ती हातात घेऊन पेटवू नका, ओल्या हातानं तर अजिबात नाही. फुटक्या प्लॅस्टिकची असेल तर टाकून द्या. मी ती दुरुस्त करून देत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या तालुक्यातली नदीकाठची गावं पाण्यात होती आणि लाइट कित्येक दिवस नव्हती. आमच्या पाहुण्यांच्या घरात चार्जिंगच्या तीन बॅटऱ्या होत्या, तिन्ही दुसऱ्या रात्रीपर्यंत संपल्या. माळ्यावर मोठ्या सेलांची जुनी पितळी बॅटरी होती, तिच्यासाठी होडीतून सेल पाठवता आले. नदीकाठी राहणाऱ्यांनी घरात एक तरी बॅटरी दुकानातल्या सेलवर चालणारी ठेवावी, आणि सेल वेगळे, पिशवीत बांधून.

पाण्याचं निघालं म्हणून: डब्यावर आयपीएक्स आणि पुढं आकडा असतो, तो बॅटरी पाणी किती सोसते ते सांगतो. आयपीएक्स ४ म्हणजे पावसाचे शिंतोडे सोसते, आयपीएक्स ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. पाटात पडण्याची शक्यता असेल तर ७ बघा. आकडा लिहिलेला नसेल तर मागचं झाकण फिरवून आतली रबरी कडी आहे का ते तरी बघा.

विकत घेताना उगाच घाई करू नका. दुकानातच पेटवा, तळहातावर हलकेच आपटा. उजेड फडफडला तर स्प्रिंग किंवा आटे ढिले आहेत, ती रानात दगा देणार. बटण पन्नास वेळा दाबून बघा, दुकानदार काही म्हणत नाही. माझ्याकडं येणाऱ्यांत सेलच्या खालोखाल बिघाड बटणाचाच असतो. लुकलुकणारे प्रकार कमी असलेली घ्या, कमी-जास्त असे दोन उजेड पुरेत. टाइप-सी पिन असेल तर घरची केबल लावून बघा: काही स्वस्त बॅटऱ्या दोन्हीकडं टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत, एका बाजूला जुनी चौकोनी यूएसबी लागते. बॅटरी खराब नसते, आत दोन बारीक रेझिस्टर घालायचे वाचवलेले असतात.

लिथियम सेलचं वरचं प्लॅस्टिक फाटलं असेल तर तो वापरू नका. त्याचा सगळा पत्रा निगेटिव्ह असतो, पॉझिटिव्हच्या टिकलीपासून जेमतेम एक-दोन मिलीमीटरवर. मोटारीत वायरीचं एनॅमल गेलं की काय होतं ते मी रोज बघतो, इथंही तेच, फक्त जाळ लवकर होतो. म्हणूनच सुटा सेल किल्ल्या-नाण्यांच्या खिशात नको, आणि एप्रिलच्या उन्हात ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये तर मुळीच नको.

दोन सेलांच्या बॅटरीत एक नवा, एक जुना घालू नका. जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून करंट ढकलत राहतो आणि जुना फुटून गळतो. अल्कलाइन गळून पांढरी पूड धरली असेल तर कापसाला लिंबाचा रस लावून पुसा, कार्बन-झिंकचं गळलेलं असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्यानं, आणि दिवसभर वाळू द्या. नुसतं काळपट झालेलं टोक शाळेच्या खोडरबरानं घासलं तरी उजेड परत येतो.

संपलेला लिथियम सेल उकिरड्यावर टाकू नका, पाचटाबरोबर पेटवला तर तो फुटतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे, पण गावापर्यंत ती सोय सगळीकडं पोचलेली दिसत नाही. म्हणून माझ्या काउंटरखाली एक बरणी आहे. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून त्यात टाका, मी सांगलीला माल आणायला जातो तेव्हा घेऊन जातो.