पोटातल्या लेकरासाठी गाणं

माझ्या मते गर्भपात म्हणजे देवानं घडवलेल्या लेकराचा जीव घेणं. म्हणून मी हे गाणं लिहिलं. तुम्हाला लिहायचं असेल तर आधी बायबलमधलं स्तोत्र 139 आणि लूक 1:41 शांतपणे वाचा. येशूच्या आईचा, मरियेचा आवाज ऐकताच तिच्या नात्यातल्या अलिशिबेच्या पोटातलं बाळ उडी मारतं. मला धृपद तिथेच सापडलं:

अजून नाव नाही ठेवलं, तरी देवा तू हाक मारलीस.

चाल ओवीची घ्या. आमच्या मालवणात जात्यावरची ओवी कानात असतेच, त्यामुळे दुसऱ्या कडव्याला मंडळी आपोआप सूर धरतात. कडव्यांत कायदा, वाद नको. आणि बाईला दोष देणारी ओळ तर अजिबात नको. माझ्या पहिल्या खर्ड्यात तशी एक होती. आईनं ऐकली नि म्हणाली, "चर्चच्या बाकड्यावर गर्भपात केलेली एखादी रडत बसली असेल, तिला काय सांगशील?" ती ओळ मी खोडली आणि तिथे "ये गे बाय, आम्ही आहोत" असं घातलं. आता लोक तीच जास्त गुणगुणतात.

रेकॉर्डिंग मोबाईलवर होतं. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, भिंतीला दोन गोधड्या, तोंडापासून वीतभर अंतर. पावसाळ्यात नको: कौलांवरचा आवाज येतो आणि दमट हवेत पेटीचे सूर चिकटतात. मी काळी पाच पट्टीत गाते. पहाटे, होड्यांची इंजिनं सुरू व्हायच्या आधी. आधी पेटी, मग इअरफोन लावून आवाज.